मेंदी

मेंदी (शास्त्रीय नाव: लॉसोनिया इनर्मिस) हे लिथ्रेसी कुलातील बहुवर्षायू झुडूप आहे. त्याच्या पानांपासून मिळणारा नारिंगी-तांबडा रंग त्वचा, नखे, केस, लोकर, रेशीम व कातडे रंगविण्यासाठी प्राचीन काळापासून वापरला जातो. मूळ झुडूप, त्याच्या वाळलेल्या पानांची पूड, ती भिजवून केलेला लगदा आणि त्या लगद्याने हातापायांवर उमटणारी नक्षी या चारही गोष्टींना मराठीत ‘मेंदी’ असेच म्हणतात. भारतीय उपखंड, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका येथील विवाहविधी व सणांत मेंदीला मानाचे स्थान आहे.

मेंदीचा रंग तिच्या पानांतील लॉसोन या द्रव्यामुळे येतो. हा रंग त्वचेवर सावकाश चढतो आणि नारिंगी ते गडद तपकिरी या मर्यादेतच राहतो. शुद्ध मेंदीने त्वचा काळी होत नाही. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लगद्यांत बहुधा कृत्रिम रसायने मिसळलेली असतात आणि त्यांमुळे त्वचेला गंभीर इजा होऊ शकते.

## नाव

मराठी ‘मेंदी’ आणि हिंदी ‘मेहंदी’ हे शब्द संस्कृतातील ‘मेन्धी’, ‘मेन्धिका’ या शब्दांशी जोडले जातात. नखरंजनासाठी होणाऱ्या उपयोगावरून या वनस्पतीला संस्कृतात ‘नखरंजनी’ या अर्थाची नावेही मिळाली आहेत. अरबी भाषेत तिला ‘हिन्ना’ म्हणतात. इंग्रजीतील ‘हेना’ आणि हिंदी-उर्दूतील ‘हिना’ ही नावे त्यावरूनच आली. हिंदी-उर्दूत व मराठीत ‘हिना’ हा शब्द याच नावाच्या अत्तरासाठीही रूढ आहे.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या वनस्पतीला लॉसोनिया हे प्रजातिनाम दिले. त्याचा स्नेही, स्कॉटिश वैद्य आयझॅक लॉसन याच्या स्मरणार्थ हे नाव योजले गेले. ‘इनर्मिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘काटे नसलेली’ असा होतो. मात्र हे वर्णन कोवळ्या झुडपालाच लागू पडते. जून फांद्यांची टोके पुष्कळदा काट्यांसारखी टोकदार होतात. त्यामुळे पूर्वी काटेरी झुडपांना स्पिनोसा ही वेगळी जाती मानण्यात आले होते. आता ही सर्व रूपे एकाच जातीची मानली जातात आणि या प्रजातीत मेंदी ही एकमेव जाती आहे.

## वर्णन

मेंदीचे झुडूप २ ते ६ मीटरपर्यंत वाढते व त्याला बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात. पाने साधी, लहान देठाची, समोरासमोर येणारी, लंबगोल आणि दोन्ही टोकांना निमुळती असतात. त्यांची लांबी साधारणपणे १.५ ते ५ सेंमी. असते. फुले लहान, पांढरी, पिवळसर किंवा तांबूस व अतिशय सुगंधी असून फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी येतात. प्रत्येक फुलात चार संदले, चार चुरगळल्यासारख्या पाकळ्या आणि जोडीजोडीने असलेले आठ पुंकेसर असतात. फळ वाटाण्याएवढे, गोल व पिकल्यावर तपकिरी होणारे बोंड असते. त्यात लहान, कोनयुक्त, कठीण आवरणाच्या अनेक बिया असतात.

महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला तामण, तसेच सह्याद्रीत आढळणारी धायटी या वनस्पती मेंदीच्याच कुलातील आहेत. आधुनिक वर्गीकरणानुसार डाळिंबाचाही समावेश याच कुलात केला जातो.

## प्रसार व लागवड

उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया आणि दक्षिण आशिया यांच्या उष्ण व कोरड्या पट्ट्यात मेंदी सर्वत्र आढळते. भारताबरोबर पाकिस्तान, इराण, येमेन, सुदान, इजिप्त आणि मोरोक्को या देशांतही तिचे पीक घेतले जाते. महाराष्ट्रात मेंदी मुख्यतः परसात किंवा कुंपणासाठी लावली जाते. गुरे तिला फारसे तोंड लावत नाहीत आणि छाटणीनंतर ती दाट फुटते, म्हणून कुंपणाला ती सोयीची ठरते.

मेंदीला उष्णता मानवते. ३५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढलेल्या पानांत रंगद्रव्य अधिक असते. थंडीत झुडपाची वाढ थांबते आणि तापमान ५ अंशांच्या खाली गेल्यास ते मरू शकते. पाणी साचणारी जमीन तिला चालत नाही, परंतु कमी पावसाच्या व हलक्या जमिनीत ती तग धरते. इतर पिके जेथे बेभरवशाची ठरतात, अशा कोरडवाहू भागात ती शेतकऱ्याला आधार देते.

भारतात मेंदीच्या लागवडीचे व व्यापाराचे प्रमुख केंद्र राजस्थानातील पाली जिल्ह्यातील सोजत हे आहे. ‘सोजत मेहंदी’ला २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांक मानांकन मिळाले. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेच्या पाली केंद्रात मेंदीच्या लागवडीवर संशोधन होते.

बियांचे आवरण कठीण असल्यामुळे त्या काही दिवस पाणी बदलत भिजवून मग रोपवाटिकेत पेरतात आणि पावसाळ्यात रोपे शेतात लावतात. एकदा लावलेले झुडूप दोन-तीन दशके उत्पन्न देऊ शकते. मुख्य कापणी पावसाळा संपल्यावर होते. मजूर फांद्या विळ्याने कापतात, त्या वाळवतात आणि पाने झोडून वेगळी करतात. कापलेल्या फांद्यांवर अवेळी पाऊस पडल्यास पाने काळवंडतात, त्यांतील रंग घटतो आणि मालाचा भाव उतरतो. त्यामुळे उभे पीक दुष्काळाला तोंड देत असले, तरी कापणीच्या दिवसांतील एका सरीने शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडू शकते.

वाळलेली पाने दळून पूड गाळतात. केसांसाठी जाडसर पूड चालते. नक्षीच्या कोनासाठी मात्र ती कपड्यातून चाळावी लागते, कारण देठाचा लहानसा कण अडकला तरी कोनाचे तोंड बंद होते. इराणमधील यझ्द या शहरात मेंदी दळण्याच्या मोठ्या दगडी चाकांच्या जुन्या गिरण्या प्रसिद्ध आहेत.

## रंगद्रव्य व रंगक्रिया

मेंदीच्या रंगद्रव्याला वनस्पतीच्या प्रजातिनामावरून लॉसोन असे नाव मिळाले आहे. रसायनशास्त्रात ते २-हायड्रॉक्सी-१,४-नॅफ्थोक्विनोन म्हणून ओळखले जाते. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. वाळलेल्या पानांत त्याचे प्रमाण साधारणपणे ०.५ ते २ टक्के असते.

मेंदीचे अखंड हिरवे पान हातावर चोळल्यास फारसा रंग येत नाही. पानात लॉसोन मुक्त स्थितीत नसते. त्याचे पूर्वरूप शर्करेशी जोडलेले असते व त्याला हेनोसाइड म्हणतात. पान वाटले किंवा त्याची पूड पाण्यात भिजवली, की हे बंध तुटून शर्करा वेगळी होते. उरलेल्या घटकाचे हवेतील ऑक्सिजनमुळे लॉसोनमध्ये रूपांतर होते. मेंदी काही तास भिजत ठेवण्याच्या रूढीमागे हेच कारण आहे.

ओल्या लगद्यातील लॉसोन बाह्यत्वचेच्या वरच्या, मृत पेशींच्या थरात झिरपते आणि तेथील केराटीन या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडले जाते. केस, नखे, लोकर आणि प्राण्यांची त्वचा यांत केराटीन किंवा त्यासारखी प्रथिने असल्याने त्यांना मेंदीचा रंग पक्का धरतो. कापूस सेल्युलोजचा बनलेला असल्यामुळे त्यावर तो फिका बसतो.

लगदा काढल्यावर प्रथम नारिंगी छटा दिसते. पुढील २४ ते ४८ तासांत ऑक्सिडीभवन चालू राहून ती गडद लालसर तपकिरी होते. त्यानंतर रंग ‘उडतो’ असे म्हणतात. प्रत्यक्षात मृत पेशींचा थर झडताना तो आपल्याबरोबर रंगही घेऊन जातो. म्हणून त्वचेवरील नक्षी एक ते तीन आठवडे टिकते. नखांच्या पेशी अशा झडत नसल्याने नखावरचा रंग मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत, म्हणजे काही महिने राहतो. तळहात व तळपाय यांच्यावर मृत पेशींचा थर सर्वांत जाड असतो. त्यामुळे तेथे रंग गडद येतो आणि मनगटाच्या वर तो फिका होत जातो.

### लगद्यातील इतर पदार्थ

मेंदी ‘रंगावी’ म्हणून तिच्यात अनेक पदार्थ घालण्याची पद्धत आहे. त्यांचे कार्य पुढीलप्रमाणे आहे:

* लिंबाचा रस – आम्लामुळे रंगद्रव्य सावकाश मुक्त होते व लगेच निकामी होत नाही. लिंबाचे प्रमाण जास्त झाल्यास त्वचा कोरडी पडते.
* साखर किंवा गूळ – लगद्यातील ओलावा टिकून राहतो व तो त्वचेला चिकटून बसतो. वाळलेल्या नक्षीवर लिंबू-साखरेचे पाणी लावण्याचा हेतूही हाच असतो.
* निलगिरीचे तेल – यातील सुगंधी घटकांमुळे रंग अधिक गडद येतो. लवंगेचे तेलही यासाठी वापरतात, पण त्याने काहींच्या त्वचेची आग होते.
* काथ – याचा स्वतःचा तपकिरी रंग मेंदीच्या रंगात मिसळतो.
* चहाचे पाणी – यातील टॅनिनांमुळे केसांवरील छटा किंचित बदलते. त्वचेवर त्याचा परिणाम थोडा असतो.

तव्यावर लवंगा टाकून त्यांच्या धुरावर हात धरण्याची रीत आहे. त्यात उबेचा वाटा मोठा असतो. त्वचा उबदार राहिल्यास रंग चांगला चढतो. थंड हात, लगदा लवकर खरवडणे आणि लगेच पाणी लागणे ही रंग फिका राहण्याची नेहमीची कारणे आहेत. भिजवलेली मेंदी उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत आपली शक्ती गमावते. गोठवून ठेवल्यास ती काही महिने टिकते.

### केस

पांढऱ्या केसांवर मेंदीचा रंग नारिंगी, तर काळ्या केसांवर तांबूस झाक असलेला दिसतो. मेंदी मूळ रंग काढून टाकत नाही. त्यावर आपल्या रंगाचा थर चढवते. त्यामुळे तिने काळे केस उजळ होत नाहीत. केस काळे करण्यासाठी मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावण्याची जुनी पद्धत आहे. तांबडा व निळा हे रंग एकत्र येऊन काळसर छटा मिळते. लोखंडी कढईत मेंदी भिजविल्यास पानांतील टॅनिन व लोह यांच्या संयोगाने ती काळपट होते. बाजारात निळीच्या पुडीला ‘काळी मेंदी’ आणि सोनामुखीच्या एका जातीच्या पुडीला ‘रंगहीन मेंदी’ म्हणण्याचा प्रघात आहे. या दोन्ही वनस्पतींचा मेंदीशी काही संबंध नाही.

### वस्त्रे व कातडे

लोकर व रेशीम मेंदीने रंगबंधकाशिवायही रंगविता येतात. तुरटी वापरल्यास पिवळसर नारिंगी, तर हिराकस वापरल्यास गडद तपकिरी ते काळपट छटा मिळतात. मोरोक्को व पश्चिम आशियात कातडे रंगविण्यासाठी मेंदीचा उपयोग होत आला आहे. काही प्रदेशांत घोड्यांची आयाळ व शेपूटही मेंदीने रंगवीत असत. कृत्रिम रंग आल्यावर वस्त्रोद्योगातील तिचे महत्त्व घटले. पर्यावरणाच्या जाणिवेतून नैसर्गिक रंगांकडे वळलेल्या हातमाग व्यवसायात ती अलीकडे पुन्हा दिसू लागली आहे.

## इतिहास

प्राचीन इजिप्तमधील काही ममींचे केस व नखे यांवर मेंदीच्या रंगाच्या खुणा आढळल्या आहेत. हिब्रू बायबलमधील ‘गीतरत्न’ या ग्रंथात एन-गेदी येथील मळ्यांतील ‘कोफेर’च्या फुलांचा उल्लेख असून ही फुले मेंदीची मानली जातात. इ.स. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आणि रोमन लेखक प्लिनी यांनी या वनस्पतीचे वर्णन केले आहे. डायोस्कोरिडीसने केस रंगविण्यासाठी तिच्या पानांचा होणारा उपयोगही नोंदविला आहे.

भारतीय वैद्यकग्रंथांत ‘मदयन्तिका’ ही वनस्पती येते. अनेक अभ्यासक तिला मेंदी मानतात. मात्र काही कोशांत हाच शब्द मोगऱ्यासाठी दिलेला असल्याने याबाबत एकमत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत व इतर भाषांतील उल्लेख एकत्र करून मेंदीच्या इतिहासावर स्वतंत्र लेखन केले. भारतीय संस्कृतीच्या इतिहासावरील त्यांच्या लेखसंग्रहात ते समाविष्ट आहे. मध्ययुगापासून भारतात मेंदीच्या सौंदर्यप्रसाधनात्मक उपयोगाचे पुरावे विपुल होत जातात. सुलतान व मोगल काळात पश्चिम आशियाशी वाढलेल्या संबंधांमुळे तिच्या प्रसाराला चालना मिळाली.

मेंदी सामूहिक ओळखीचे चिन्ह ठरल्याचे एक उदाहरण स्पेनच्या इतिहासात सापडते. १४९२ मध्ये ग्रॅनडाचे मुस्लिम राज्य संपुष्टात आले. पुढे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या तेथील मुस्लिमांना मोरिस्को म्हणत. राजा दुसरा फिलिप याच्या राजवटीत १५६७ मध्ये जाहीर झालेल्या हुकमाने त्यांची अरबी भाषा, पारंपरिक पोशाख व स्नानगृहे यांच्याबरोबर मेंदी लावण्यावरही बंदी आली. फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या मोरिस्को वृद्धाने या हुकमाविरुद्ध सविस्तर निवेदन दिले. मेंदी हा धार्मिक विधी नसून ती डोके स्वच्छ राखण्यासाठी लावतात, असे त्याने त्यात म्हटले होते. बंदी उठली नाही आणि १५६८ च्या अखेरीस मोरिस्कोंचा उठाव झाला.

## सांस्कृतिक उपयोग

### महाराष्ट्र

महाराष्ट्रात मेंदीचा संबंध प्रामुख्याने श्रावण व भाद्रपदातील सणांशी आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मुली व स्त्रिया मेंदी लावतात. झोके, फुगड्या व फेराची गाणी यांच्याबरोबर रंगलेले हात हा या सणाचा भाग आहे. मंगळागौर व हरतालिका या प्रसंगीही मेंदी लावली जाते.

जुन्या पद्धतीत मेंदीची ताजी पाने पाट्यावर वाटून त्यांत काथ व लिंबाचा रस घालीत. तळहाताच्या मध्यभागी एक मोठा गोल, त्याभोवती लहान ठिपके आणि बोटांची टोके झाकणारा लेप अशी साधी मांडणी असे. मेंदी रात्री लावून हात कापडात गुंडाळीत व सकाळी खरवडून तेल लावीत. बारीक नक्षी काडीने काढली जात असे. प्लास्टिकच्या कोनाचा प्रसार झाल्यावर सलग रेषेची, वेलबुट्टी, मोर, कोयरी व जाळी यांची दाट नक्षी सर्वत्र रूढ झाली.

पारंपरिक मराठी हिंदू विवाहात हळद आणि हिरवा चुडा यांना प्राधान्य असते. वधूच्या हातावर मेंदी असे, पण तिच्यासाठी वेगळा समारंभ नसे. गाणी, नाच व भोजन यांसह होणारा स्वतंत्र मेंदी-सोहळा उत्तर भारतीय प्रथा व हिंदी चित्रपट यांच्या प्रभावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहरांत वाढला. मुस्लिम समाजात मात्र विवाहापूर्वीची मेंदी हा जुना विधी असून ईदच्या आदल्या रात्री, ‘चाँद रात’ला, मेंदी लावण्याची प्रथा आहे.

मेंदी जितकी गडद रंगेल तितके नवऱ्याचे किंवा सासूचे प्रेम अधिक, अशी समजूत आहे. नववधूच्या हाताची मेंदी उतरेपर्यंत तिला कामाला लावू नये, असा संकेतही काही समाजांत आहे. प्रत्यक्षात रंगाची गडदता पानांची प्रत, त्वचेची जाडी, ऊब व लगदा ठेवण्याचा वेळ यांवर अवलंबून असते. मेंदी सौभाग्याचे लक्षण मानली गेल्याने विधवा स्त्रियांना ती वर्ज्य होती. ज्या घरात सणाला लहान मुलींचेही हात रंगत, त्याच घरात विधवेचा हात कोरा राहत असे. शिक्षण व सामाजिक सुधारणा यांमुळे ही बंधने सैल झाली असली, तरी ती सर्वत्र संपलेली नाहीत.

### भारताचे इतर प्रदेश

राजस्थानात तीज, गणगौर व करवा चौथ या सणांना मेंदी आवश्यक मानली जाते आणि तेथील बारीक, भौमितिक विभागांची नक्षी विख्यात आहे. उत्तर भारतीय विवाहांत वधूच्या नक्षीत वराचे नाव लपवून ते त्याला शोधायला लावण्याचा खेळ रूढ आहे. लखनौ व हैदराबाद येथे मोहरमच्या सातव्या दिवशी, करबलात मारल्या गेलेल्या हजरत कासिम यांच्या स्मरणार्थ, ‘मेहंदी’ची मिरवणूक निघते. तेथे विवाहाचे हे चिन्ह शोकाचे चिन्ह बनते.

### पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका

तुर्कस्तानात विवाहाच्या आदल्या रात्री ‘मेंदीची रात्र’ साजरी होते. वधूच्या तळहातावर मेंदीबरोबर सोन्याचे नाणे ठेवून मूठ लाल कापडाने बांधतात. तेथे सैन्यात जाणारे तरुण व बळीसाठी निवडलेली मेंढी यांनाही मेंदी लावण्याची प्रथा आहे. येमेनी ज्यू समाजात वधूसाठी मेंदीचा विस्तृत सोहळा होत असे व इस्राएलमध्ये स्थलांतरानंतरही तो टिकून आहे. मोरोक्कोतील नक्षीत चौकट, त्रिकोण व रेषा यांचा भर असतो, तर आखाती देशांत मोकळ्या जागेतील मोठ्या फुलांची नक्षी लोकप्रिय आहे. इस्लामी परंपरेत पिकलेले केस व दाढी मेंदीने रंगविणे स्तुत्य मानले गेल्यामुळे अनेक देशांत वृद्ध पुरुष मेंदी लावतात.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीशी निगडित विधी, सौंदर्यदृष्टी व सामाजिक प्रथा यांचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. हा प्रस्ताव १६ अरब देशांनी संयुक्तपणे मांडला होता.

## इतर उपयोग

मेंदीच्या फुलांपासून अत्तर काढतात. उत्तर प्रदेशातील कनौज हे त्यासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात तळपायांची आग होत असल्यास मेंदीचा लेप लावण्याचा घरगुती उपचार प्रचलित आहे. मानवी घामातील ॲमिनो आम्लांशी लॉसोनची अभिक्रिया होत असल्याने कागदावरील बोटांचे ठसे उमटविण्यासाठी न्यायवैद्यक संशोधनात त्याचा वापर केला गेला आहे.

लॉसोन इतर काही वनस्पतींतही आढळते. त्यांत गौरींच्या पूजेत मानाचे स्थान असलेला तेरडा प्रमुख आहे. कोरियात त्याच्या पाकळ्या व पाने ठेचून नखे रंगवितात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या मराठी म्हणीचा रोख त्याच्या फुलांच्या अल्पायुषी शोभेकडे आहे. त्याच वनस्पतीने नखावर चढविलेला रंग मात्र कित्येक आठवडे टिकतो.

## सुरक्षितता

शुद्ध मेंदी बहुसंख्य लोकांच्या त्वचेला सुरक्षित असते व तिची ॲलर्जी क्वचितच आढळते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींत लॉसोनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. तान्ह्या मुलांच्या अंगाला मेंदी लावल्यानंतर तीव्र रक्तक्षय व कावीळ झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. ही कमतरता बाहेरून ओळखता येत नसल्याने अर्भकांना मेंदी न लावणे श्रेयस्कर ठरते.

### ‘काळी मेंदी’

झटपट व काळी नक्षी देणाऱ्या लगद्यांत पुष्कळदा पॅरा-फिनिलीनडायअमिन हे रसायन असते. केसांच्या कलपांत ते मर्यादित प्रमाणात वापरले जाते. त्वचेवर ते तीव्र ॲलर्जी निर्माण करू शकते. काही दिवसांत नक्षीच्या रेषांवरच लाली, खाज व फोड येतात आणि बरे झाल्यावरही तेथे व्रण किंवा फिकट डाग राहू शकतो. अशी ॲलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर टिकते. पुढे साधा कलप, काही कापडी रंग किंवा स्थानिक भुलीची काही औषधे यांनीही त्रास होऊ शकतो. पर्यटनस्थळी लहानपणी काढलेल्या एखाद्या नक्षीचा परिणाम त्यामुळे अनेक वर्षांनी कलप लावताना जाणवतो.

युरोपीय संघात हे रसायन केसांच्या रंगात कमाल २ टक्क्यांपर्यंत चालते, परंतु त्वचेवर लावण्यास मनाई आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेंदीला केवळ केसांचा रंग म्हणून मान्यता दिली आहे. तेथे त्वचेवरील वापराला ती नाही.

### शुद्ध मेंदी ओळखण्याच्या खुणा

* पूड हिरवट किंवा हिरवट तपकिरी असून तिला वाळलेल्या गवतासारखा वास येतो. फार भडक हिरवा रंग कृत्रिम असू शकतो.
* लगदा कित्येक तास ठेवावा लागतो. अर्ध्या तासात गडद रंग देणारा कोन संशयास्पद मानावा.
* लगदा काढल्यावर रंग आधी नारिंगी दिसतो व नंतर गडद होतो. सुरुवातीपासून काळा असलेला रंग मेंदीचा नसतो.
* ताजी मेंदी सामान्य तापमानात लवकर निकामी होते. महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर राहूनही रंग देणाऱ्या कोनात बहुधा इतर रसायने असतात.
* वेष्टनावर घटकांची यादी नसल्यास उत्पादन टाळावे.

लावताना आग किंवा खाज सुटल्यास लगदा ताबडतोब धुऊन टाकावा. फोड आल्यास त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

## हेही पाहा

* नीळ
* हळद
* तेरडा
* अळिता
* नागपंचमी